कंपल्सरी इंग्लिशची सरेंडर व्हॅल्यू किती?

कॉलेज सुरू झालं की पहिल्या पंधरा दिवसांत आमच्या गावातल्या स्टेशनरीच्या दुकानात दोन गठ्ठे येऊन पडतात. एक कंपल्सरी इंग्लिशच्या टेक्स्टबुकचा आणि दुसरा त्याच पुस्तकाच्या गाइडचा. टेक्स्टबुकचा गठ्ठा दिवाळीपर्यंत सुतळीसकट तसाच पडून असतो, गाइडचा आठ दिवसांत संपतो आणि दुकानदार पुण्याला अप्पा बळवंत चौकात फोन लावतो की अजून पाठवा. मी सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवतो, तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, आणि खरं सांगायचं तर टेक्स्टबुक न घेणाऱ्या पोरांचा मला आता रागही येत नाही, कारण त्यांचा हिशेब बरोबर आहे. ते पुस्तक त्यांना वाचता येत नाही, गाइडात मराठीत सारांश असतो, प्रश्न फिरून फिरून तेच येतात, पास व्हायला तेवढं पुरतं. मग जी वस्तू वापरायचीच नाही ती विकत कोण घेईल, तुम्ही-आम्ही तरी घेऊ का.

आता तर गाइडही मागे पडायला लागलंय. धड्याचा फोटो काढायचा, मोबाइलमधल्या एआयला द्यायचा, "मराठीत सांग थोडक्यात" म्हणायचं, विषय संपला. यावर स्टाफरूममध्ये पोरांच्या नावाने भरपूर बोटं मोडली जातात, वाचनसंस्कृती वगैरे, पण एक प्रश्न कुणी विचारत नाही. अख्ख्या सेमिस्टरमध्ये एका पोराने इंग्रजीची किती पानं स्वतःच्या डोळ्यांनी, स्वतःच्या डोक्याने वाचली? माझ्या वर्गापुरतं सांगतो, बहुतेकांचं उत्तर शून्य येतं. बरं ही पोरं काही काल-परवा एबीसीडी शिकलेली नाहीत, २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळेतसुद्धा पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे माझ्यासमोर बसलेल्या प्रत्येकाच्या मागे बारा वर्षं इंग्रजीची आहेत. बारा वर्षं आणि शून्य पानं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे आणि ते मी आमच्याकडच्या मीटिंगांत बोलून वाईटपणा घेऊन झालाय. विद्यापीठात इंग्रजी शिकणाऱ्या पोरांना वाचायला काय द्यायचं हे ठरवताना लेखक किती मोठा, विषय किती थोर, हे पहिल्यांदा बघायचंच नाही. हे पोरगं हे पान गाइडशिवाय वाचेल का, एवढं पहिल्यांदा बघायचं. त्यात जे बसत नाही ते बाद. मग ते कुणाचंही असो.

पुस्तकं ठरतात कशी ते आधी बघा. बोर्ड ऑफ स्टडीजची मीटिंग असते, चहा-बिस्किटं असतात, समोर जुना सिलॅबस असतो. चार कविता हव्यात, चार-पाच गद्य हवेत, मग एकेक खण भरायचा. एक लेखिका हवी, एक पर्यावरण हवं, एक थोर पुरुषाचं चरित्र हवं, एक विनोदी, एक "आपल्या मातीतलं". हेतू वाईट नसतो, मी स्वतः अशा एका उपसमितीत बसलोय आणि मीपण हेच केलंय, हा निबंध घ्या हो, फार सुंदर आहे, मला एमएला होता. मला आवडला होता एमएला, आणि तो आम्ही एफवायच्या कॉमर्सच्या पोराला दिला. त्या अख्ख्या मीटिंगमध्ये एकानेही, माझ्यासकट, विचारलं नाही की यात अवघड शब्द किती आहेत. आणि हे मोजायला आता काहीही लागत नाही हो, टॉम कॉब यांची लेक्सट्यूटर नावाची फुकट साइट आहे, उतारा पेस्ट केला की नेहमीच्या वापरातले शब्द किती आणि दुर्मिळ किती हे रंग लावून दाखवते, पाच मिनिटांचं काम. धरण बांधायच्या आधी पाण्याचा अंदाज घेतात, आम्ही पुस्तक बांधतो आणि पाणी कुठनं येणार ते बघतच नाही.

एकदा मी वर्गात पेन्सिलीचा प्रयोग केला. टेक्स्टबुकमधल्या एका निबंधाचं पहिलं पान झेरॉक्स काढून वाटलं आणि सांगितलं, जो शब्द अडेल त्याखाली रेघ मारा, मार्क नाहीत, नाव घालू नका. पानावर साधारण तीनशे शब्द. एका कागदावर सत्तेचाळीस रेघा निघाल्या आणि अक्षरावरून मला कळलं की हा कागद वर्गातल्या चांगल्या मुलीचा आहे. ज्यांच्या कागदावर चार-पाचच रेघा होत्या त्यांनी पहिल्या दोन ओळींनंतर वाचणं सोडलं होतं.

आता सत्तेचाळीस हा आकडा किती मोठा ते कळायला थोडं बाहेर जावं लागतं. दुसरी भाषा वाचणाऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या लोकांनी हे मोजून ठेवलंय. बटिया लॉफर यांनी १९८९ मध्ये मांडलं की मजकुरातले ९५ टक्के शब्द ओळखीचे असले तर वाचणाऱ्याचं बऱ्यापैकी निभावतं. पुढे २००० मध्ये हू आणि पॉल नेशन यांनी तपासून सांगितलं की कुणाच्या मदतीशिवाय आरामात वाचायचं तर ९८ टक्के लागतात. तीनशे शब्दांच्या पानावर हिशेब करा. ९८ टक्के म्हणजे सहा शब्द अडणार, ९५ टक्के म्हणजे पंधरा. सत्तेचाळीस म्हणजे दर सहा-सात शब्दांमागे एक खड्डा. अशा रस्त्यावरून एसटीसुद्धा जात नाही आणि आपण त्या पोरीला म्हणतोय की खिडकीतून बाहेर बघ, निसर्गसौंदर्य बघ, लेखकाची शैली बघ.

आणि नेशन यांनीच २००६ मध्ये काढलेला आणखी एक आकडा आहे, मूळ इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र ९८ टक्क्यांच्या हिशेबाने वाचायचं तर आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं यावी लागतात. शब्दकुटुंब म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याचे जवळचे सगळे नातेवाईक. माझ्या वर्गातल्या बऱ्याच पोरांचे पहिले दोन हजारसुद्धा पक्के नाहीत. हा त्यांचा अपमान नाही, हे फक्त अंतर आहे, आणि ते किती आहे हे न बघताच आपण पोरांना पळायला लावतोय.

यातली गंमत अशी की हा विचार काही नवा नाही, परदेशातून आलेलं फॅड तर अजिबात नाही. हा विचार आपल्या शेजारीच, बंगालमध्ये, शंभर वर्षांपूर्वी झाला. मायकल वेस्ट नावाचा एक इंग्रज शिक्षण खात्यात नोकरीला आला होता, ढाक्याच्या टीचर्स ट्रेनिंग कॉलेजचा तो प्रिन्सिपॉल होता. त्याने बघितलं की बंगाली पोरं वर्षानुवर्षं इंग्रजी शिकतात आणि बहुतेक मधेच शाळा सोडतात. मग सोडताना त्यांच्या हातात काय उरतं? त्यासाठी त्याने विम्याच्या धंद्यातला शब्द उचलला, सरेंडर व्हॅल्यू. आपल्याकडे एलआयसीची पॉलिसी घरोघरी असल्यामुळे हे कुणाला समजावून सांगायला नको, पॉलिसी मुदतीआधी मोडली तर जे काय चार पैसे हातात येतात ते. वेस्टचं म्हणणं, भाषेच्या शिक्षणालाही अशी सरेंडर व्हॅल्यू हवी, पोरगं कुठल्याही वर्षी बाहेर पडलं तरी त्याला काहीतरी घेऊन जाता आलं पाहिजे, आणि त्या परिस्थितीत सगळ्यात लवकर हाती येणारी आणि नंतर एकट्याने वाढवता येणारी गोष्ट म्हणजे वाचन.

म्हणून त्याने वाचनाची पुस्तकं नव्याने लिहायला घेतली. जुन्या रीडरमधले पुस्तकी, क्वचित भेटणारे शब्द काढून तिथे रोजचे शब्द घातले, आणि नवा शब्द आला की पुढच्या बऱ्याच ओळी दुसरा नवा शब्द येणार नाही आणि आलेला शब्द पुन्हा पुन्हा भेटत राहील अशी रचना केली. १९२६ मध्ये त्याचं द्वैभाषिकतेवरचं पुस्तक आलं, १९५३ मध्ये त्याची सुमारे दोन हजार नेहमीच्या शब्दांची प्रसिद्ध यादी आली. आज जगभर ज्याला ग्रेडेड रीडर म्हणतात, पायरीपायरीने शब्द वाढत जाणारी पुस्तकं, त्या झाडाचं एक मोठं मूळ ढाक्यात आहे. वेस्टच्या सगळ्याच गोष्टी मला पटतात असं नाही, साहेब शेवटी साहेब होता, पण त्याने विचारलेला प्रश्न आपण विसरलो आणि जपान-कोरियाकडच्या लोकांनी लक्षात ठेवला.

माझ्या वर्गातली निम्मी पोरं तीन वर्षांनी इंग्रजीशी संबंध तोडणार आहेत. कुणी भरतीला जाणार, कुणी एमआयडीसीत, कुणी मामाच्या दुकानावर, पोरींची लग्नं ठरणार, काही एमपीएससीच्या नादाला लागून पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जाणार. कंपल्सरी इंग्लिशची यांना सरेंडर व्हॅल्यू किती? एक गाइड, तेही पुढच्या वर्षीच्या पोराला अर्ध्या किमतीत विकलेलं.

"मग सोपी पुस्तकं वाचून इंग्रजी येतं का" असं विचारणाऱ्यांना मी फिजीचं उदाहरण देतो. फिजी म्हणजे तोच देश जिथे आपल्याकडची गिरमिटिया माणसं उसाच्या मळ्यात नेली होती. तिथल्या खेड्यातल्या शाळांत वॉरविक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई या दोघांनी १९८० च्या सुमारास एक प्रयोग केला, चौथी-पाचवीच्या वर्गांत अडीचशे गोष्टींची पुस्तकं नुसती आणून ओतली. चित्रांची, मजेची, सोप्या इंग्रजीतली. काही वर्गांत पोरांनी स्वतःच वाचायची, काही वर्गांत शिक्षकांनी पोरांबरोबर वाचायची, आणि तुलनेला ठेवलेल्या वर्गांत नेहमीचं पाठ्यपुस्तक चालू. आठ महिन्यांत पुस्तकवाल्या वर्गांची वाचनातली वाढ नेहमीच्या जवळजवळ दुप्पट निघाली. ती पोरं लहान होती आणि माझी अठरा वर्षांची आहेत हा फरक मला मान्य आहे, पण पुस्तकं हातात पडली आणि ती वाचता येण्यासारखी होती, एवढंच तर तिथे घडलं होतं.

हे सगळं वाचून मी पेटलो आणि लगेच चुका केल्या. त्या सांगतो, कारण निवडीबद्दल मला जे कळलं ते त्यातूनच.

पहिली चूक इंग्रजी पेपरचा अग्रलेख. हा सल्ला महाराष्ट्रात प्रत्येक होतकरू पोराला कुणीतरी देतोच, रोज इंग्रजी पेपरचा अग्रलेख वाच, अवघड शब्द वहीत लिही. मीपण आठवडाभर अग्रलेख वाटले. अग्रलेख हा पेपरातला सगळ्यात अवघड मजकूर असतो, त्यात बातमी आधीच माहीत आहे असं धरलेलं असतं, वाक्यं लांब असतात, उपरोध असतो. पोरांच्या वह्या शब्दांनी भरल्या आणि त्या वह्या पुन्हा उघडल्या गेल्या नाहीत. मग एक दिवस गणपतीच्या सुट्टीनंतर सहज खेळाचं पान नेलं, आदल्या रात्रीच्या मॅचचं वर्णन. मागच्या बाकावरचा जो पोरगा हजेरीपुरतं तोंड उघडायचा तो म्हणाला, "सर, यांनी चुकीचं लिहिलंय, तो कॅच पॉइंटला नव्हता, गलीला होता." मला खुर्चीवरून उठायची वेळ आली. त्याने मॅच पाहिली होती, त्यामुळे अडलेले शब्द त्याने मॅचवरून ओढून काढले. पुढे कळलं की यावरही अभ्यास झालेला आहे, १९८८ मध्ये अमेरिकेत रेख्ट आणि लेस्ली यांनी बेसबॉलवरचा उतारा शाळेतल्या पोरांना दिला तर वाचनात कच्ची पण बेसबॉल कळणारी पोरं वाचनात पक्की पण बेसबॉल न कळणाऱ्या पोरांपेक्षा पुढे निघाली. म्हणजे मजकुराचा अवघडपणा नुसता मजकुरात नसतो, वाचणाऱ्याला आधी काय माहीत आहे यातही असतो. आपल्याकडे क्रिकेट आहे, कुस्ती आहे, ऊस आहे, दूध आहे, गड-किल्ले आहेत, पोरांच्या डोक्यात माल भरपूर आहे, आपण मात्र पुस्तक निवडताना नेमका त्यांना माहीत नसलेला विषय शोधतो, त्यांची क्षितिजं रुंदावायची म्हणून.

दुसरी चूक लहान मुलांच्या गोष्टी. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर म्हणून फार चांगलं काम आहे, २०१५ पासून चालू आहे, पातळीप्रमाणे गोष्टी, फुकट, इंग्रजीतही आणि मराठीतही. मी उत्साहाने वर्गात प्रोजेक्टरवर लावलं. हत्तीचं पिल्लू वगैरे. पोरं हसली, आणि एक मुलगी, जिचं पुढच्या महिन्यात लग्न होतं, ती उठून म्हणाली, "सर, आम्ही बालवाडीत आहोत का?" तिचं बरोबर होतं. भाषा सहावीची आणि वय विसाचं, ही विद्यापीठातल्या वाचनाची खरी अडचण आहे आणि शाळेच्या पुस्तकांनी ती सुटत नाही. शब्द सोपे पाहिजेत पण गोष्ट मोठ्या माणसाची पाहिजे, त्यात प्रेम पाहिजे, पैसा पाहिजे, खून पाहिजे, भावकीतलं भांडण पाहिजे. (स्टोरीवीव्हर मी सोडलं नाही, ज्यांच्या घरी लहान भावंडं-भाचरं आहेत त्यांना सांगितलं की घरी वाचून दाखवा. तिथे चाललं, कारण आता ते स्वतः शिक्षक झाले होते.)

तिसरी चूक जरा मजेशीर. "ऑथेंटिक मटेरियल" नावाची एक फॅशन आहे, खऱ्या जगातले कागद वर्गात आणायचे. मी कीटकनाशकाच्या बाटलीबरोबर येणारं घडीपत्रक आणलं, म्हटलं शेतकऱ्यांची पोरं आहेत, उपयोगी पडेल. अक्षर मुंगीएवढं, शब्द केमिस्ट्रीचे आणि वकिलीचे, मलाच अर्धे कळले नाहीत. पोरांना मात्र बाटलीवरचा त्रिकोण माहीत होता, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात कमी. ते त्यांनी मला शिकवलं. खरा कागद म्हणजे वाचता येण्याजोगा कागद असं नाही, एवढा धडा मी घेतला.

मग हाताला लागली ग्रेडेड रीडर. ऑक्सफर्डच्या बुकवर्म्स मालिकेत पहिल्या पायरीला चारशे मूळ शब्द आणि सहाव्या पायरीला अडीच हजार, मधे चार पायऱ्या. खून-बिन सगळं आहे त्यात. तक्रारी दोन आहेत. एक म्हणजे नवी घ्यायची तर आमच्या लायब्ररीच्या मानाने महाग, मी किलोवर पुस्तकं विकणाऱ्या प्रदर्शनांतून आणि रद्दीतून गोळा केली. दुसरी तक्रार मोठी आहे, त्यातल्या बहुतेक गोष्टी लंडन-न्यूयॉर्कच्या, नाव जॉन, जेवायला सँडविच. चारशे शब्दांत फलटणची किंवा पणजीची गोष्ट सांगणारं पुस्तक नाही का कुणी काढत? आमच्या विद्यापीठांत इंग्रजीचे एवढे प्राध्यापक आहेत, दरवर्षी एवढे पेपर छापतात, एकेकाने नुसती एकेक गोष्ट हजार शब्दांच्या आत बसवून लिहिली असती तरी कपाट भरलं असतं. पण त्याला प्रमोशनला लागणारे पॉइंट कोण देणार. शांता गोखले यांनी "श्यामची आई"चं इंग्रजी केलंय, त्यातली दोन प्रकरणं मी वापरून बघितली, गोष्ट घरोघरी माहीत असल्यामुळे पोरं अडखळत का होईना पुढे गेली. असं अजून पुष्कळ वापरता येईल.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते बाबासाहेबांच्या एका लेखाने. "वेटिंग फॉर अ व्हिसा". महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या बाराव्या खंडात आहे, कोलंबिया विद्यापीठाच्या साइटवर पूर्ण फुकट वाचायला मिळतो. त्यातला पहिला प्रसंग १९०१ सालचा आहे, साताऱ्याहून निघालेली लहान पोरं, वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामाच्या तलावावर कॅशियर, पोरं नवे कपडे आणि जरीच्या टोप्या घालून आगगाडीने जातात आणि मसूर स्टेशनला उतरतात. न्यायला कुणी आलेलं नाही. स्टेशनमास्तर प्रेमाने चौकशी करतो आणि जात कळल्यावर त्याचा चेहरा बदलतो. मग दुप्पट भाडं देऊन बैलगाडी मिळते, ती पोरांनीच हाकायची आणि गाडीवाला बाजूने चालणार. बरोबर जेवण आहे, पण पाणी नाही.

हे मी वर्गात वाटलं तेव्हा दोन-तीन मिनिटांनी एकाने मान वर केली. "सर, हे आपलं मसूर?" आपलंच. माझ्या वर्गात मसूरहून रोज येणारी पोरं आहेत. त्यानंतर जे झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही, मला भीती होती की जातीचा विषय निघाल्यावर वर्गात काहीतरी वेडंवाकडं होईल, कुणी कुणाला बोलेल. तसं काही झालं नाही, वर्ग नुसता गप्प होता, आणि पानं उलटल्याचा आवाज येत होता. गाइड नव्हतं, कारण हा धडा सिलॅबसमध्येच नव्हता. तास संपल्यावर दोघांनी विचारलं, पुढचं कुठे मिळेल.

तो लेख इतका वाचता का येतो, याचा मी नंतर विचार केला. बाबासाहेबांनी तो बाहेरच्या लोकांसाठी लिहिला, सुरुवातीलाच ते म्हणतात की परदेशी लोकांना अस्पृश्यता आहे हे माहीत असतं पण ती अंगावर आल्यावर कशी असते हे कळत नाही. म्हणून त्यांनी काहीच गृहीत धरलेलं नाही, प्रसंग सरळ, आधी काय झालं मग काय झालं, शब्द बरेचसे रोजचे. कोलंबिया आणि लंडनच्या डिग्र्या घेतलेला माणूस, ज्याला अवघड इंग्रजी लिहिता येत नव्हतं असं कुणी म्हणू शकणार नाही, तो इतकं साधं लिहितो. मग सोपं इंग्रजी म्हणजे हलकं इंग्रजी, हे आमच्या स्टाफरूममधलं गणित कुठून आलं?

आता यावरचा खरा आक्षेप. "दर्जा घसरेल" वाला आक्षेप मी सोडून देतो, जो दर्जा गाइडातून मोजला जातो तो घसरला काय आणि चढला काय. पण माझा एक मित्र आहे, दुसऱ्या कॉलेजात शिकवतो, चळवळीतला आहे, त्याने मला वेगळंच सुनावलं. तो म्हणाला, चिपळूणकर इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणाले आणि त्याच्या आधी सावित्रीबाईंनी इंग्रजीला माउली म्हटलं, आमच्या लोकांनी त्या दुधासाठी पिढ्या घालवल्या, आणि आता आम्ही दारात पोचलो तर तू त्यात पाणी घालून देतोस? शहरातल्या इंग्लिश मीडियमच्या पोरांना मूळ कादंबऱ्या आणि गावच्या पोरांना चारशे शब्दांच्या गोष्टी, हा नवा भेदभावच नाही का?

हे मला लागलं, कारण यात दम आहे. चारशे शब्दांवर पोराला तीन वर्षं बसवून ठेवलं तर तो भेदभावच आहे, आणि सोप्या पुस्तकांच्या नावाखाली शिक्षकांची आळशी सोय होऊ शकते हेही मला दिसतं. पायऱ्या असतात त्या चढायला, एफवायला पहिल्या-दुसऱ्या पायरीला असलेलं पोरगं टीवायला कुठवर आलं याचा हिशेब कॉलेजने द्यायला हवा. पण मी त्याला एवढंच विचारलं की बाबा, आत्ता त्या दुधाचं काय होतंय? पातेलं उंच फळीवर ठेवलंय, पोराचा हात पोचत नाही, आणि खाली गाइडवाला त्या दुधाचं मराठीत वर्णन करून पैसे घेतोय. शहरातलं इंग्लिश मीडियमचं पोरगं कॉलेजला येईपर्यंत शेकडो सोपी पुस्तकं घरी वाचून आलेलं असतं, आई-बापांनी आणून दिलेली. ती शिडी कुणाला दिसत नाही कारण ती घरात असते. आमच्या पोरांच्या घरात ती नव्हती, ती कॉलेजात उभी करायची नाही तर कुठे करायची? मित्र पूर्ण पटला नाही. "बाबासाहेबांचा लेख ठेव, बाकीचं बघू" म्हणाला.

त्याच्या बोलण्यावरून मी माझी मांडणी थोडी बदलली. आमच्याकडे नव्या शैक्षणिक धोरणानंतर या इंग्रजीला दोन क्रेडिट आहेत, म्हणजे सेमिस्टरला तीस तास. त्यातले दहा तास एकच जड मजकूर घ्यावा, मित्राच्या समाधानासाठी नाही, माझ्याही, आणि तो सगळ्यांनी मिळून, शब्द सोडवत, भांडत, हळूहळू वाचावा. उरलेले वीस तास पोरांनी स्वतः निवडलेलं सोपं पुस्तक वर्गात बसून गप्प वाचायचं. हिशेब करा. हजेरी वगैरे जाऊन तासातली चाळीस मिनिटं धरा, अगदी सावकाश वाचणारं पोरगं मिनिटाला ऐंशी शब्द वाचतं असं धरा. वीस तासांत चौसष्ट हजार शब्द होतात. दीड-दीड हजार शब्दांचे दहा धडे असलेलं टेक्स्टबुक पूर्ण वाचलं तरी पंधरा हजार होतात, आणि ते कुणी वाचत नाही.

पुस्तक पोराने निवडायचं, हेही महत्त्वाचं. कसं निवडायचं ते सोपं आहे, कुठलंही मधलं पान उघड, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मीट, पान संपायच्या आत मूठ बंद झाली तर ते पुस्तक ठेवून खालच्या पायरीचं घे. लाज वाटायची गरज नाही, आणि दहा पानांनंतर कंटाळा आला तर परत देऊन दुसरं घ्यायचं. पुस्तक अर्धं सोडायची परवानगी आमच्या शिक्षणात कुठेच नाही, म्हणून पोरं सुरूच करत नाहीत.

अडचण पोरांची कमी आणि आमची जास्त आहे. मी गेल्या वर्षी आठवड्यातला एक तास असा वाचायला दिला तर तिसऱ्याच आठवड्यात वरिष्ठ दारातून डोकावले, "तास नाही का घेत?" पोरं वाचताहेत म्हटलं तर म्हणाले, ते घरी वाचतील, तुम्ही शिकवा. शिक्षक गप्प बसलाय आणि पोरं वाचताहेत हे आमच्याकडे शिकवणं धरत नाहीत. कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या नॅकच्या फाइलीसाठी प्रत्येक उपक्रमाचा जिओटॅग फोटो लागतो, तर मी फोटो काढला, साठ पोरं माना खाली घालून बसलेली, बघणाऱ्याला वाटेल शोकसभा आहे.

आणि सगळ्यात मोठी गाठ परीक्षेची. जोपर्यंत पेपरात नेमलेल्या धड्यावर "थोडक्यात उत्तरे लिहा" येणार तोपर्यंत पुस्तक बदलून काहीही होणार नाही, नव्या पुस्तकाचं नवं गाइड निघेल, पंधरा दिवसांत. नेमलेल्या मजकुरावर प्रश्नच नकोत. पेपरात न वाचलेले चार उतारे द्या, दोन सोपे, एक मध्यम, एक जड, सगळे वर्षभर वाचलं त्याच पायऱ्यांवरचे, आणि डिक्शनरी वापरू द्या. इंटर्नलच्या मार्कांना पोराने वाचलेल्या पुस्तकांची वही, प्रत्येक पुस्तकावर चार ओळी, सुरुवातीला मराठीत लिहिल्या तरी चालतील. कॉपी करतील की, एआयकडून लिहून घेतील की, असं लगेच कुणीतरी म्हणणार. करतील काही. मी वही बघताना पुस्तक हातात घेऊन एकच विचारतो, यातलं तुला कोण आवडलं नाही? ज्याने वाचलंय तो लगेच बोलतो.

या वर्षी माझ्याकडे एका लोखंडी पेटीत एकशे बारा पुस्तकं आहेत, वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात, किल्ली एका मुलीकडे. नोंदवही तीच ठेवते. खुनाची एकही गोष्ट पेटीत नसते, सगळ्या बाहेर. पहिल्या पायरीची पुस्तकं ऑगस्टमध्ये फार जायची, आता दिवाळीनंतर तिसरीची मागणी वाढलीय आणि तिसरीची माझ्याकडे अकराच आहेत. बोर्डाची पुढची मीटिंग लागलीय, मला यावेळी बोलावलेलं नाही, पण त्या पेन्सिलीच्या रेघांच्या पानांची झेरॉक्स मी एका मेंबर मॅडमकडे देऊन ठेवलीय, सत्तेचाळीस रेघावालं पान सगळ्यात वर ठेवून.